अडलेली लेखणी

न्यू जर्सी प्रांतातील माउंट हॉली हे अठराव्या शतकाच्या मध्यावर अगदी लहानसे गाव होते. तेथील एका दुकानात गिऱ्हाईक पाहण्यास आणि हिशेब लिहिण्यास एक तरुण नोकरीस होता. नाव जॉन वुलमन; वय बावीस-तेवीस. एके दिवशी मालकाने त्याला सहज सांगितले की, आपल्याकडची काळी गुलाम बाई विकली आहे, तिचे विक्रीखत लिहून टाक. विकत घेणारा गृहस्थ समोर बसूनच होता. तो वयोवृद्ध होता, सज्जन होता आणि वुलमनच्याच पंथाचा, म्हणजे क्वेकर होता. मालकाची आज्ञा, वर्षाच्या पगाराचे बंधन आणि समोर बसलेला भला म्हातारा ह्या तिन्हींपुढे तरुणाचे काही चालले नाही. त्याने विक्रीखत लिहिले. मात्र लिहिता लिहिता त्याचा जीव इतका कासावीस झाला की, त्या दोघांदेखत तो म्हणाला, माणसाला गुलाम करून ठेवणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते. एवढे बोलल्याने थोडे हलके वाटले. पण पुढे त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे, की तेवढे पुरेसे नव्हते; मला हे काम सांगू नका असे स्वच्छ म्हणावयास हवे होते.

ही रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर, 1774 साली छापली गेली. चार्ल्स लँबसारख्या निबंधकाराने तिची मनापासून शिफारस केली आहे. माझ्या हाती ती उशिरा आली, आणि ह्या पहिल्याच प्रसंगापाशी मी अडलो. त्याला एक खाजगी कारण आहे. आमच्या घराण्यात काही पिढ्या कुळकर्णीपण होते. मी हौसेने मोडी शिकलो ते पूर्वजांचे अक्षर वाचता यावे म्हणून. आणि मोडी वाचू लागलेल्या माणसासमोर कधी ना कधी कुणबिणींच्या खरेदीविक्रीचा कागद येतोच. पेशवे दप्तरात असे कागद आहेत. अक्षर वळणदार, ओळी सरळ, शिरोरेघ एका हाताने ओढलेली. तो कागद लिहिणाऱ्याचा हात कोठे थांबला, कापला, असे कागदावरून दिसत नाही. कारकुनाचे काम लिहिण्याचे, व्यवहार धन्याचा. मीही इतकी वर्षे ह्यापलीकडे विचार केला नव्हता. वुलमनची रोजनिशी वाचल्यावर ते कागद मला पूर्वीसारखे वाचता येईनात.

पण वुलमनकडे वळण्यापूर्वी त्याच्या पंथाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. सतराव्या शतकात इंग्लंडात जॉर्ज फॉक्स ह्याने हा पंथ उभा केला. ह्या लोकांच्या उपासनेत पुरोहित नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळ्यांनी मुकाट्याने बसावयाचे. ज्याच्या अंतःकरणात शब्द उमटेल त्याने उठून तो बोलावयाचा. मग तो पुरुष असो, बाई असो, सावकार असो की मोलकरीण असो. थोडक्यात, संदेष्टा होण्याचा अधिकार त्यांनी सर्वांना देऊन टाकला होता. जुन्या मराठी बायबलात संदेष्ट्याला ‘भविष्यवादी’ म्हणत. तो शब्द मागे पडला हे बरेच झाले, कारण ह्या मंडळींचे काम भविष्य वर्तवण्याचे नव्हेच. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला, एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट त्याने सांगितली, राजाला त्या गोष्टीतल्या श्रीमंताचा संताप आला, तेव्हा नाथानाने बोट राजाकडेच वळवले. संदेष्ट्याचे काम हे असे असते. ऐकणाऱ्याने पुढे काय करावे, हा खरा प्रश्न. आणि इतिहासाला त्या उत्तरातच रस असावयास हवा असे मला वाटते. संदेष्ट्यांची चरित्रे पुष्कळ आहेत. ज्यांनी ऐकले आणि बदलले त्यांच्या हकिगती मात्र हिशेबाच्या वह्यांतून, मृत्युपत्रांतून आणि सभांच्या इतिवृत्तांतून वेचून काढाव्या लागतात.

क्वेकर शपथ घेत नसत, शस्त्र धरीत नसत, राजापुढेही टोपी काढीत नसत. आणि तरीही अमेरिकेतल्या त्यांच्या घरोघर गुलाम होते. पेन्सिल्वेनियाचा संस्थापक विल्यम पेन ह्याच्याकडेही होते. स्वतः फॉक्स 1671 साली बार्बाडोस बेटावर गेला तेव्हा त्याने गुलामांना दयेने वागवा, काही वर्षांनी मोकळे करा, एवढेच सांगितले. पहिला लेखी निषेध झाला तो 1688 साली, फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊन येथे. चौघांनी मिळून एक कागद लिहिला. आपल्याला कोणी असे पकडून विकले तर चालेल काय, असा त्यातील साधा सवाल होता. स्थानिक सभेने तो वाचला आणि विषय आपल्या आवाक्याबाहेरचा म्हणून वरच्या सभेकडे पाठवला. तिने त्याहून वरच्या. आणि वार्षिक सभेने तो बाजूस ठेवून दिला. समित्यांत बसलेल्या कोणालाही ही रीत नवी वाटणार नाही. पुढे तो कागद 1844 साली पुन्हा सापडला.

ह्या निजलेल्या समाजाला हलवण्यास पुढे आला बेंजामिन ले. इंग्लंडात एसेक्स परगण्यात 1682 साली जन्मलेला. उंचीने चार फूट, पाठीला कुबड. मेंढपाळ, हातमोजे शिवणारा, खलाशी असे अनेक उद्योग करून तो बार्बाडोसला दुकानदार झाला. तेथे उपाशी गुलाम त्याच्या दुकानातून काहीबाही चोरीत, आणि तो त्यांना चाबकाने मारी. हे त्याने स्वतःच पुढे कबूल केले आहे, आणि ह्या कबुलीमुळेच मला त्याच्याविषयी विशेष आदर वाटतो. आपण कोणाला मारतो आहोत हे त्याच्या ध्यानात आले आणि माणूस मुळापासून पालटला. 1732 साली तो फिलाडेल्फियाला आला. गुलामांच्या श्रमाची म्हणून साखर त्याने सोडली. मांस सोडले. अंगावरचे कापड तो स्वतः सूत काढून करी. अबिंग्टन येथे गुहेसारख्या घरात तो राही, आणि त्या गुहेत सुमारे दोनशे पुस्तके होती. त्याने गुलाम ठेवणाऱ्यांवर लिहिलेले जळजळीत पुस्तक बेंजामिन फ्रँकलिनने छापले; मुद्रकाचे नाव मात्र त्यावर घातले नाही. फ्रँकलिनच्या घरीही गुलाम होतेच!

लेच्या तऱ्हा विलक्षण होत्या. भर हिवाळ्यात सभागृहाच्या दाराशी तो बर्फात एक पाय उघडा ठेवून उभा राही. येणारेजाणारे हळहळले, की म्हणे, माझी कीव करता. तुमच्या शेतात अर्धवट कपड्यांनिशी राबणाऱ्यांची का करीत नाही? एकदा त्याने शेजाऱ्याच्या लहान मुलाला दिवसभर आपल्या गुहेत ठेवून घेतले. आईबाप रडत शोधत आले तेव्हा त्याने सांगितले, मूल सुखरूप आहे. पण तुमच्या घरी जी गुलाम मुलगी आहे तिच्या आईबापांचे दुःख आता तुम्हाला कळले असेल. त्याची सर्वांत गाजलेली करणी 1738 च्या सप्टेंबरातली. बर्लिंग्टन येथे वार्षिक सभा भरली होती. ले अंगाभोवती मोठा झगा गुंडाळून आला. आत शिपायाचा पोषाख आणि कमरेला तलवार. हातात पोकळ केलेले पुस्तक, त्यात लाल रानफळांच्या रसाने भरलेली पिशवी. त्याने उठून झगा फेकला, गुलाम ठेवणाऱ्यांचे रक्त असेच सांडेल असे गर्जून पुस्तकात तलवार खुपसली, आणि आजूबाजूच्या प्रतिष्ठितांच्या कपड्यांवर तो तांबडा रस उडाला. लोकांनी त्याला उचलून बाहेर नेले. त्याच साली समाजाने त्याचे नाव काढून टाकले.

लेला वेडापिसा ठरवून बाजूस सारण्याची चाल पुष्कळ दिवस होती. ते मला मान्य नाही. तो यहेज्केलाच्या जातीचा होता. शब्द पुरेनासे झाले की देहानेच बोलणारा. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्यांच्या अंगावर तो रस उडाला ते त्या दिवशी घरी जाऊन कपडे धूत बसले असतील. अपमान झालेल्या माणसाला आपल्या पापापेक्षा आपला अपमान अधिक आठवतो.

वुलमन त्या वर्षी अठराव्यात होता, आणि माउंट हॉली बर्लिंग्टनपासून काही कोसांवर. चार-पाच वर्षांनी विक्रीखताचा प्रसंग घडला. त्यानंतर लवकरच दुसऱ्या एका तरुणाने त्याला गुलामाचे हस्तांतरपत्र लिहून मागितले. ह्या वेळी वुलमनने नाही म्हटले. गंमत अशी की, त्या तरुणानेही सांगितले, मलाही हे मनापासून पटत नाही, पण बायकोला मिळालेली भेट आहे. किती जणांना मनातून पटत नव्हते, आणि कोणी तरी आधी नाही म्हणण्याची वाट ते कसे पाहत होते, हे ह्या लहानशा वाक्यावरून कळते.

मृत्युपत्रे लिहिणे हा वुलमनचा जोडधंदा होता. त्यात प्राप्ती बरी होती. एका शेजाऱ्याला जबर मार लागला आणि रक्त काढण्यासाठी त्याने वुलमनला बोलावले. ते झाल्यावर तो म्हणाला, माझे मृत्युपत्रही लिही. त्यात एक गुलाम मुलगी कोणा मुलाला द्यावयाची होती. वुलमनने तेवढा भाग सोडून बाकीचे सर्व लिहिले, कागद बिछान्यापाशी नेला आणि हळूच सांगितले, की माणसाला गुलाम करणारा मजकूर माझ्याच्याने लिहवत नाही. लिहिले त्याचे पैसे मला नकोत, उरलेले दुसऱ्याकडून लिहून घे. मग दोघे त्या विषयावर बोलत बसले. शेवटी दुखणाईत मुलीला मोकळी करण्यास तयार झाला, आणि वुलमनने मृत्युपत्र पुरे केले. तेथे आरडाओरड झाली नाही, तलवार निघाली नाही. एक आजारी माणूस, एक अर्धा कागद आणि एका मुलीचे आयुष्य, एवढाच तो प्रसंग. ह्या विषयावरील कितीतरी ग्रंथ मी विसरलो, हा अर्धा कागद विसरलो नाही.

1746 साली तो प्रथम दक्षिणेकडील प्रांतांत गेला. गुलामांच्या श्रमावर चैनीत राहणाऱ्यांच्या घरी जेवताना त्याला घास गोड लागेना. जे यजमान स्वतः कष्ट करीत त्यांच्या घरी त्याला थोडे बरे वाटे. परत आल्यावर त्याने गुलाम ठेवण्याविषयी एक निबंध लिहिला, आणि काही वर्षे तो तसाच ठेवला. छापला 1754 साली. 1757 मध्ये तो पुन्हा दक्षिणेस निघाला. ह्या वेळी त्याने जे केले ते मराठी माणसाला चटकन समजेल, कारण खाल्ल्या मिठाला जागावे हे आपण लहानपणापासून ऐकतो. यजमानाचे अन्न घेतले म्हणजे त्याच्या दोषाविषयी तोंड बंद, असा त्या म्हणीचा अर्थ आपण व्यवहारात करतो. वुलमनने मीठ कोणाचे हाच प्रश्न विचारला. ज्यांनी पिकवले, रांधले, वाढले त्यांना मजुरी मिळालेली नाही. तेव्हा हे जेवण फुकटचे नाही, कोणाच्या तरी हक्काचे आहे. म्हणून निघताना तो यजमानाच्या हाती चांदीची नाणी ठेवी आणि आपल्या गुलामांना ही द्या म्हणून सांगे. कधी स्वतःच त्यांच्या हाती देई. यजमान बहुधा श्रीमंत असत. पाहुण्याने पैसे पुढे करणे हा त्यांना अपमान वाटे, आणि वुलमनलाही ते जड जाई. दर वेळी मनाला बळ आणून हे करावे लागे, असे तो लिहितो. ह्यात नाटक नव्हते. पण त्या नाण्यांचा आवाज लेच्या तलवारीपेक्षा अधिक काळ त्या घरात राहिला असेल असे मला वाटते.

वाटेत वादही झाले. एकाने सांगितले, आफ्रिकेचे लोक काइनाचे वंशज. त्यांचा काळा रंग ही त्याच्या पापाची खूण. वुलमनने उत्तर दिले की, बायबलाप्रमाणेच पाहावयाचे तर काइनाचा वंश जलप्रलयात बुडाला. उरला तो नोहा, आणि तो शेथाच्या वंशातला. मग दुसऱ्याने हामाला मिळालेल्या शापाचा आधार घेतला. त्यावर वुलमनचे म्हणणे असे की, बापाच्या पापाचे शासन मुलाला करू नये, हेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. पोथीच्या आधाराने माणसाला खाली ढकलण्याचा उद्योग आपल्याला अपरिचित नाही. तेव्हा पोथीच्याच आधाराने दिलेले हे उत्तर वाचताना मला मोठे समाधान झाले.

1758 साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत हा विषय निघाला. काहींचे म्हणणे, थांबावे. देव योग्य वेळी मार्ग दाखवील. वुलमन उठून बोलला, की अन्याय भोगणाऱ्यांची हाक देवापर्यंत पोचली आहे, आणि आता काही मित्रांच्या लाभाकडे पाहून आपण उशीर केला तर तो आपल्याला भोवेल. गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांना समाजाच्या कारभारातून दूर ठेवावे असे ठरले, आणि गुलाम असलेल्या घरोघर जाऊन बोलण्यासाठी वुलमन, जॉन स्कारबरो, जॉन साइक्स आणि डॅनियल स्टॅंटन ह्यांना नेमले. अबिंग्टनच्या गुहेत म्हाताऱ्या लेला कोणी तरी ही बातमी सांगितली. त्याने उठून देवाचे आभार मानले. आता सुखाने मरता येईल, असे तो म्हणाला, आणि दुसऱ्याच वर्षी, 1759 च्या फेब्रुवारीत, वारला. त्याला काढून टाकणाऱ्या समाजाने त्याचे म्हणणे खरे होते असे लेखी कबूल करण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

घरोघर जाण्याचे ते काम पुढे वर्षानुवर्षे चालले. कोणी ऐकले, कोणी दार लावून घेतले, कोणी मृत्युपत्रात सोडीन म्हणून आजचे उद्यावर ढकलले. शेवटी 1776 साली वार्षिक सभेने ठरवले, की जो गुलाम सोडणार नाही तो समाजात राहणार नाही. जर्मनटाऊनच्या कागदापासून अठ्ठ्याऐंशी वर्षे!

वुलमन स्वतः किती बदलत गेला, हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण उपदेशक बहुधा येथेच थांबतात. त्याचे दुकान भरभराटीला आले, तेव्हा धंद्याचा पसारा मन खाऊ लागला म्हणून त्याने तो आवरता घेतला आणि शिवणकाम व फळबाग यांवर भागवले. 1762 च्या सुमारास त्याने रंगवलेले कपडे सोडले. रंग हा बहुतेक मळ झाकण्यासाठी असतो, असे त्याचे म्हणणे. पांढरी टोपी घातली तर नेमकी तेव्हा शौकिनांत पांढऱ्या टोप्यांची टूम निघालेली! हा नवा छानछोकीचा माणूस कोण, म्हणून त्याचेच काही मित्र त्याच्यापासून दूर राहू लागले. त्याची बायको सारा रोजनिशीत फार थोडी दिसते. नवऱ्याच्या ह्या प्रत्येक नव्या निश्चयाबरोबर घरचे मापटे तिलाच जुळवून घ्यावे लागले असेल. आणखी एक जुनी गोष्ट त्याला सलत होती. कोणाच्या तरी मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून त्याने दुसऱ्या एकाच्या जोडीने एक काळा मुलगा वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत राबण्याच्या बोलीने विकला होता. बरीच वर्षे लोटल्यावर त्याने त्या मुलाच्या मालकाला करारनामा लिहून दिला, की ह्या अन्यायातील आपल्या हिश्शाचे पैसे मी भरीन. विक्रीखत लिहिणारी जी लेखणी तिनेच हेही लिहिले.

1770 च्या आरंभी तो अतिशय आजारी होता. ग्लानीत आपले नावच तो विसरला. समोर मळक्या रंगाचा एक ढीग दिसला. कळले, की ती दुःखात बुडालेली माणसे आहेत आणि आपण त्यांच्यातच मिसळलेले आहोत, वेगळे नाही. मग जॉन वुलमन मेला, असे शब्द ऐकू आले. पुढे त्याला खाणीत चांदी खणणारे पिचलेले लोक दिसले. ज्यांच्यासाठी ते खणत होते ते ख्रिस्ताचे अनुयायी म्हणवीत, म्हणून ते ख्रिस्तालाच शिव्या देत होते. बरा झाल्यावर चांदीच्या पेल्यातून पाणी पिणे त्याला अशक्य झाले. अद्भुताचा मी भोक्ता नाही. पण आपल्या घरातील वस्तूंमागे राबणारे हात दिसावे ह्यासाठी माणसाला आपले नाव विसरावे लागले, एवढे मात्र मनात राहते.

1772 च्या मे महिन्यात तो जहाजाने इंग्लंडला निघाला. उतारूंच्या खोलीवर निरर्थक नक्षी होती म्हणून खलाशांच्या गर्दीत खाली राहिला. लंडनच्या संभावित क्वेकरांनी हे रंगहीन ध्यान पाहून त्याला परत जावयास सुचवले अशी हकीगत सांगतात. तो बोलू लागल्यावर मात्र त्यांचे मत पालटले. तेथून तो पायीच उत्तरेकडे निघाला. घोड्यांच्या गाड्या इतक्या वेगाने हाकीत की घोडे मरत, आंधळे होत, आणि टपालाची पोरे थंडीने गारठून मरत. म्हणून तो त्या गाडीत बसला नाही आणि त्या टपालाने पत्रेही पाठवू देईना. यॉर्क येथे त्याला देवी आल्या, आणि 7 ऑक्टोबर 1772 रोजी तो तेथे वारला. तो इंग्लंडात पोचला त्याच जून महिन्यात लॉर्ड मॅन्सफील्डने सॉमरसेट नावाच्या गुलामाच्या खटल्यात, मालकाला त्याला बळाने देशाबाहेर नेता येणार नाही, असा निकाल दिला होता. पुढे 1787 साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती निघाली तेव्हा तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ जण क्वेकर होते. 1807 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद केला. आपल्याकडे गुलामगिरीची कायदेशीर मान्यता 1843 च्या कायद्याने गेली. आणि 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांच्या पूर्वजांत ले आणि वुलमन येतात.

एवढ्यावर थांबलो तर हिशेब अर्धा राहील. गुलाम सोडले म्हणजे शेजारी बसवून घेतले असे झाले नाही. कित्येक सभागृहांत काळ्यांसाठी वेगळा बाक असे. माउंट हॉलीच्या परिसरातच विल्यम बोएन नावाचा एक गृहस्थ होता. 1735 साली गुलामीत जन्मला, पुढे मोकळा झाला. 1763 साली त्याचे लग्न क्वेकर पद्धतीने लागले आणि त्यात वुलमनने साहाय्य केले. बोएननेही पुढे गुलामांच्या श्रमाच्या वस्तू वर्ज्य केल्या, न रंगवलेले कपडे घातले, मुकाट्याने उपासनेला येऊन बसत राहिला. त्याने समाजाचे सभासदत्व मागितले. त्याला ते 1814 साली मिळाले. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता.

वुलमनने पहिले विक्रीखत ज्या बाईचे लिहिले तिचे नाव त्याच्या रोजनिशीत नाही. मी पाहिलेल्या मोडी कागदांपैकी एकात कुणबिणीचे नाव आहे. तो कागद आता जेव्हा मी पुन्हा काढतो, तेव्हा अक्षराच्या वळणाकडे न पाहता आधी ते नाव वाचतो.